नेकेड सिटी
नेकेड सिटी : अमेरिकेच्या एबीसी ह्या दूरचित्रवाणी-जाळ्यावरून १९५८ ते १९६३ ह्या काळात प्रक्षेपित झालेली गुन्हेकथांची मालिका. १९४८ मध्ये प्रदर्शित झालेल्या द नेकेड सिटी ह्या चित्रपटावरून ती तयार करण्यात आली. तिचे एकूण १३८ भाग असून त्यांपैकी पहिले ३९ अर्ध्या तासाचे व नंतरचे ९९ एक तासाचे आहेत. न्यूयॉर्क शहरातील एका पोलीस ठाण्यातील मोजकी पात्रे तीत कायम असली, तरी प्रत्येक भागातील मुख्य कथा, तीतील माणसे आणि त्यांच्या हातून घडणारा गुन्हा ही स्वतंत्र असत. त्यामुळे दर भागात नवी कथा सांगणाऱ्या, इंग्रजीत अँथॉलॉजी ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहमालिकांमध्ये तिची गणना होते. काटेकोरपणे पाहता ती अर्धसंग्रहमालिका होय. चित्रपटापासून मालिका तयार करताना बहुधा त्याचा नायक उचलला जातो. ह्या मालिकेने शहर उचलले, आणि चित्रपटातून जे कापले गेले होते, त्यापैकी पुष्कळसे वेगळ्या वाटेने परत आणले. म्हणून तिचा इतिहास मूळ चित्रपटाच्या इतिहासापासून अलग काढता येत नाही.

चित्रपटाची मूळ प्रेरणा मार्क हेलिंजर (१९०३–४७) ह्या निर्मात्याची. तो न्यूयॉर्कमधील वृत्तपत्रांचा लोकप्रिय स्तंभलेखक होता. ब्रॉडवेवरील नटनट्या, जुगारी, मद्यविक्रेते आणि नशीब अजमावण्यासाठी शहरात आलेली सामान्य माणसे हे त्याच्या लिखाणाचे विषय असत. हॉलिवुडमध्ये गेल्यावर त्याने द किलर्स (१९४६) व ब्रूट फोर्स (१९४७) हे दोन गाजलेले गुन्हेपट निर्माण केले. त्यांपैकी दुसऱ्याचा दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन हा होता. न्यूयॉर्कमधील खून, आगी, अपघात आणि त्यांभोवती जमणारी गर्दी यांची छायाचित्रे टिपणारा वीजी (आर्थर फेलिग) याचा नेकेड सिटी हा छायाचित्रसंग्रह १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. हेलिंजरने त्याच्या शीर्षकाचे हक्क विकत घेतले. वीजीच्या छायाचित्रांत प्रेताइतकेच प्रेताकडे पाहणाऱ्यांचे चेहरे महत्त्वाचे असतात. ‘नागवे शहर’ ह्या शब्दप्रयोगाचा खरा अर्थ त्या चेहऱ्यांत आहे.

चित्रपटाची मूळ कथा मॅल्व्हिन वॉल्डची असून पटकथा वॉल्ड व आल्बर्ट मॉल्ट्स यांची आहे. वॉल्डने पोलिसांच्या जुन्या प्रकरणांचा अभ्यास केला होता, आणि १९२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या डॉट किंग ह्या मॉडेल तरुणीच्या, कधीही उलगडा न झालेल्या खुनाचा धागा त्याने कथेसाठी वापरला. जीन डेक्स्टर नावाच्या तरुणीचा तिच्या घरात खून होतो. तपास करणारा वयस्क अधिकारी डॅन मल्डून (बॅरी फिट्सजेरल्ड) आणि त्याचा तरुण साहाय्यक जिमी हॅलोरन (डॉन टेलर) हे दागिन्यांच्या चोरीचा माग काढत मारेकऱ्यापर्यंत पोहोचतात. विल्यम्सबर्ग पुलाच्या पोलादी सांगाड्यावर पाठलागाचा शेवट होतो. एवढेच हे कथानक आहे, आणि ते फारसे असामान्य नाही. तपासाच्या कामातील कंटाळवाणी पायपीट, दुकानादुकानांतून केलेली विचारपूस, निष्फळ ठरलेले दुवे यांना त्यात दिलेले स्थान मात्र तेव्हा नवे होते.

त्याहून नवे होते ते चित्रीकरणाचे स्थळ. हॉलिवुडच्या आवारात उभारलेले खोटे रस्ते टाळून १९४७ च्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष न्यूयॉर्कमध्ये, शंभराहून अधिक ठिकाणी हे चित्रीकरण करण्यात आले. रस्त्यावरच्या माणसांना आपले चित्रण होत आहे हे कळू नये म्हणून कॅमेरा बंद मोटारगाडीत, एकाच बाजूने आरपार दिसणाऱ्या काचेमागे लपवण्याची युक्ती योजली गेली. ह्यामागे दोन प्रवाह होते. एक, युद्धकाळातील अनुबोधपटांचा आणि त्यांतून निघालेल्या द हाउस ऑन नाइन्टिसेकंड स्ट्रीट (१९४५) यांसारख्या अर्ध-अनुबोधपटांचा. दुसरा, इटालियन नववास्तववादाचा. रोबेर्तो रोस्सेल्लीनीचा रोम, ओपन सिटी हा चित्रपट १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला होता. छायाचित्रणाची जबाबदारी विल्यम डॅनियल्स याच्याकडे होती. ग्रेटा गार्बोच्या चेहऱ्यावर प्रकाश कसा पडावा हे ठरवण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याने उन्हात घामेजलेल्या गर्दीचे चित्रण करावे, यात एक गंमत आहे. ह्या कामासाठी त्याला व संकलक पॉल वेदरवॅक्स याला ऑस्कर पारितोषिके मिळाली.

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर श्रेयनामावली येत नाही. विमानातून मॅनहॅटन दिसत असते आणि हेलिंजर स्वतःच्या आवाजात स्वतःची व सहकाऱ्यांची ओळख करून देतो. पुढेही तो मधूनमधून बोलत राहतो, पात्रांना सल्ले देतो, अनोळखी माणसांच्या मनातले विचार सांगतो. खुनाशी काहीही संबंध नसलेली सफाई कामगार स्त्री, वृत्तपत्राच्या छापखान्यातला कामगार, रात्रपाळीची माणसे क्षणभर दिसतात आणि नाहीशी होतात. शेवटी, ह्या शहरात ऐंशी लाख कथा आहेत आणि ही त्यांतली एक होती, अशा अर्थाचे वाक्य येते. न्यूयॉर्कची लोकसंख्या १९५० च्या जनगणनेत सुमारे ७९ लाख भरली, म्हणजे आकडा अतिशयोक्त नव्हता. संग्रहमालिकेचे बीज ह्याच वाक्यात आहे; ज्या कथा सांगितल्या गेल्या नाहीत, त्यांची जाणीव ते करून देते.

सांगितल्या न गेलेल्या कथांपैकी काही जाणूनबुजून गाळल्या गेल्या होत्या. चित्रीकरण संपल्यानंतर, ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या अमेरिकाविरोधी कारवायांविषयीच्या समितीने हॉलिवुडमधील कम्युनिस्ट प्रभावाची चौकशी आरंभली. आपल्या राजकीय मतांविषयी उत्तरे देण्यास नकार देणाऱ्या दहा जणांत पटकथाकार मॉल्ट्स हा एक होता. नोव्हेंबरमध्ये त्या दहाही जणांवर काँग्रेसच्या अवमानाचा ठपका ठेवण्यात आला आणि चित्रपट-कंपन्यांच्या प्रमुखांनी त्यांना काम न देण्याचा निर्णय जाहीर केला. हेलिंजर २१ डिसेंबर १९४७ रोजी हृदयविकाराने मरण पावला. चित्रपट मार्च १९४८ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचा निर्माता हयात नव्हता आणि पटकथाकार बहिष्कृत होता. श्रीमंत व दरिद्री वस्त्यांमधील विरोध दाखवणारी, आपल्या दृष्टीने चित्रपटाचा आशयच असलेली दृश्ये अंतिम प्रतीतून काढून टाकण्यात आली, असे डॅसिनने पुढे अनेकदा सांगितले. गुन्हा कोणी केला हे चित्रपट अतिशय स्पष्टपणे सांगतो; तो का घडतो ह्या प्रश्नाला तो जवळजवळ शिवत नाही. मृत मुलीचे आईवडील प्रेत ओळखण्यासाठी येतात तो प्रसंग तेवढा अपवाद. शहराच्या झगमगाटाविषयी आईच्या तोंडून निघणारा संताप आणि त्याखालचे दुःख ऐकताना, कापलेला चित्रपट कोणत्या दिशेने गेला असता याचा अंदाज येतो.

मॉल्ट्सला १९५० मध्ये कारावास भोगावा लागला. डॅसिनचे नाव १९५१ मध्ये समितीपुढील साक्षीत घेतले गेले आणि त्याने यूरोपात आपली कारकीर्द नव्याने उभारली. फ्रान्समध्ये केलेला रिफिफी (१९५५) हा त्याचा चित्रपट गुन्हेपटांच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून आहे. चित्रपटाचे दोन प्रमुख कर्ते अशा रीतीने दृष्टिआड झाल्यानंतर त्याच्या नावाचे पुनरुज्जीवन दूरचित्रवाणीवर झाले.

अमेरिकन दूरचित्रवाणीवर त्या वेळी गुन्हेकथांचा एक साचा रूढ झाला होता. ही वॉक्ड बाय नाइट (१९४८) ह्या आणखी एका अर्ध-अनुबोधपटात छोटी भूमिका करणाऱ्या जॅक वेबने त्याच चित्रपटाच्या पोलीस सल्लागाराशी झालेल्या संभाषणांतून स्फूर्ती घेऊन ड्रॅग्नेट ही मालिका तयार केली. ती १९४९ मध्ये नभोवाणीवर व १९५१ मध्ये दूरचित्रवाणीवर आली. लॉस अँजेल्समधील पोलीस अधिकारी हा तिचा अढळ केंद्रबिंदू. साक्षीदार येतात, विचारलेल्या प्रश्नाचे नेमके उत्तर देतात व निघून जातात. शेवटी शिक्षा जाहीर होते. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित होणाऱ्या नाट्य-संग्रहमालिका होत्या. क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर (१९४७–५८), स्टुडिओ वन (१९४८–५८) यांसारख्या कार्यक्रमांतून दर आठवड्याला नवे नाटक सादर होई. मध्यमवर्गीय व कनिष्ठ मध्यमवर्गीय माणसांच्या साध्या आयुष्यावर लिहिणारी पॅडी चायेफ्स्कीसारख्या लेखकांची पिढी त्यांतून घडली. चित्रपटफितीवर मालिका तयार करणे स्वस्त व पुनःप्रक्षेपणास सोयीचे ठरू लागले, तसा हा व्यवसाय हॉलिवुडकडे सरकला आणि थेट नाटकांची परंपरा ओसरली. १९५८ साली ती शेवटच्या टप्प्यात असतानाच नेकेड सिटीचा आरंभ झाला. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील नट, लेखक व दिग्दर्शक काम शोधत होते. ह्या मालिकेला तो वारसा आयता लाभला, आणि तिचे रूप ठरण्यात चित्रपटाइतकाच त्याचा वाटा आहे.

मालिकेचा निर्माता हर्बर्ट बी. लेनर्ड याच्या नावावर तोपर्यंत मुख्यत्वे रिन टिन टिन ह्या कुत्र्याच्या साहसांची मुलांसाठी असलेली मालिका होती. लेखक स्टर्लिंग सिलिफंट (१९१८–९६) हा पूर्वी चित्रपट-कंपन्यांच्या प्रसिद्धिविभागात काम करीत असे. निर्मिती कोलंबिया चित्रपटसंस्थेच्या स्क्रीन जेम्स ह्या शाखेची होती. पहिल्या पर्वातील बहुतेक भाग सिलिफंटने एकट्याने लिहिले. लेखनाचा हा वेग थक्क करणारा आहे. स्टुअर्ट रोझेनबर्ग ह्या पुढे चित्रपटसृष्टीत नावारूपास आलेल्या दिग्दर्शकाने त्यांतील अनेक भाग दिग्दर्शित केले. चित्रपटातील मल्डून व हॅलोरन ही पात्रे कायम ठेवण्यात आली व त्या भूमिका अनुक्रमे जॉन मॅकिंटायर आणि जेम्स फ्रान्सिस्कस यांना मिळाल्या. हॅरी बेलाव्हरने साकारलेला फ्रँक आर्कारो हा मध्यमवयीन, घरगुती वळणाचा पोलीस त्यांच्या जोडीला होता, आणि तोच पुढे शेवटपर्यंत टिकला. त्यांचे ‘पासष्टावे’ ठाणे काल्पनिक होते. रस्ते मात्र खरे होते.

ह्या खरेपणाची किंमत मोठी होती. चित्रीकरणाच्या परवानग्या एका ठिकाणी मिळण्याची सोय तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नव्हती. त्यासाठी स्वतंत्र कार्यालय महापौर जॉन लिंडसे याने १९६६ मध्ये स्थापन केले, म्हणजे मालिका संपल्यावर तीन वर्षांनी. बर्फ, पाऊस, वाहतुकीचा गोंगाट आणि बघ्यांची गर्दी यांना तोंड देत दर आठवड्याला एक भाग तयार करावा लागे. पडद्यावर ह्याचा परिणाम स्पष्ट जाणवतो. हिवाळ्यात नटांच्या तोंडातून वाफ निघताना दिसते, पाठलाग चालू असताना मागून जाणारे लोक थबकून पाहतात. हॉलिवुडमधील तत्कालीन मालिकांचे स्वच्छ, सारख्या प्रकाशातले रस्ते ह्यांच्याशेजारी ठेवले, की ते खेळण्यातले वाटू लागतात.

पहिल्या पर्वाच्या मध्यावर एक अनपेक्षित घटना घडली. मॅकिंटायरला मालिका सोडावयाची होती. अशा वेळी पात्राची बदली किंवा निवृत्ती दाखवण्याची प्रथा होती. लेखकाने मल्डूनला मारले : मार्च १९५९ मध्ये प्रक्षेपित झालेल्या ‘द बंपर’ (टक्कर) ह्या भागात पाठलाग करणारी त्याची मोटार पेट्रोलच्या टँकरवर आदळून पेट घेते. चालू मालिकेतील प्रमुख पात्राचा असा मृत्यू त्या काळी जवळजवळ अश्रुतपूर्व होता. त्याच्या जागी होरेस मॅकमेहनचा लेफ्टनंट माइक पार्कर आला. रुक्ष, कंटाळलेला, परंतु आतून न्यायी असा हा अधिकारी. पर्व संपल्यावर मालिका बंद करण्यात आली. एका माजी प्रायोजकाने ती एका तासाची करून पुन्हा सादर करावी असा आग्रह धरला, आणि ऑक्टोबर १९६० मध्ये ती परतली. ह्या वेळी हॅलोरनही नव्हता. त्याच्या जागी पॉल बर्कचा ॲडम फ्लिंट आला. चित्रपटातील एकही पात्र आता मालिकेत उरले नव्हते. नाव, शहर आणि शेवटचे ऐंशी लाख कथांचे वाक्य एवढाच मूळ चित्रपटाचा अवशेष राहिला. मालिका खऱ्या अर्थाने चित्रपटाची वारस झाली ती ह्याच टप्प्यावर, असे म्हटल्यास ते विचित्र वाटेल. पण वस्तुस्थिती तशी आहे.

अर्ध्या तासात गुन्हा, पाठलाग व अटक ह्यांपलीकडे फारसे काही मावत नसे. एका तासात गुन्हेगाराला घर मिळाले, आई मिळाली, जुने कर्ज मिळाले. आठवड्याचा पाहुणा नट हा कथेचा केंद्रबिंदू झाला आणि पोलीस पुष्कळदा वीस-वीस मिनिटे दिसेनासे होऊ लागले. कथासंपादक हॉवर्ड रॉडमन याच्या देखरेखीखाली भागांची शीर्षकेही लांबलचक, काहीशी लहरी व काव्यात्म होत गेली. आर्थर हिलर व एलियट सिल्व्हरस्टीन हे ह्या काळातील उल्लेखनीय दिग्दर्शक. पाहुण्या नटांची नामावली पुढील वीस वर्षांच्या अमेरिकन चित्रपटाची जणू पूर्वसूचीच आहे : रॉबर्ट ड्यूव्हॉल, डस्टिन हॉफमन, रॉबर्ट रेडफर्ड, पीटर फॉक, मार्टिन शीन, जॉन व्हॉइट, जीन हॅकमन. त्यांपैकी अनेकांना तेव्हा कोणी ओळखत नव्हते. न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांत काम करता करता मिळेल ती भूमिका ते घेत.

काही भागांचा थोडा तपशील देणे आवश्यक आहे. ‘टूमस्टोन फॉर अ डेरेलिक्ट’ (बेवारशाचे थडगे, १९६१) मध्ये रेडफर्डने एका सुखवस्तू तरुणाची भूमिका केली आहे. रस्त्यावर पडलेल्या निराधार माणसांना जगण्याचा अधिकार नाही अशा विचाराच्या आहारी गेलेली ही तरुण मंडळी खुनापर्यंत पोहोचतात. पैशाची गरज हे गुन्ह्याचे ठरीव कारण येथे साफ उलटे केले आहे. ‘अ केस स्टडी ऑफ टू सॅव्हेजेस’ (दोन रानटींचा अभ्यास, १९६२) हा फ्रँक पिअरसनने लिहिलेला भाग मालिकेतील सर्वांत अस्वस्थ करणारा होय. डोंगराळ खेड्यातून शहरात आलेले नवविवाहित जोडपे (रिप टॉर्न व ट्यूझडे वेल्ड) हसतखेळत, मधुचंद्राचाच एक भाग असावा तसे खून करीत जाते. शेवटी फ्लिंट कारण शोधू पाहतो आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. बॉनी अँड क्लाइड (१९६७) हा चित्रपट येण्यापूर्वी पाच वर्षे हे घराघरांत दाखवले गेले, हे ध्यानात घेतले पाहिजे. ‘प्राइम ऑफ लाइफ’ (ऐन उमेदीची वर्षे, १९६३) मध्ये नवा गुन्हा जवळजवळ नाहीच. एका कैद्याच्या मृत्युदंडाला साक्षीदार म्हणून हजर राहण्याचे काम फ्लिंटवर येते. त्याआधीचे तास तो कसे घालवतो आणि त्या खोलीत काय घडते, एवढाच विषय आहे. तपासकथेचा शेवट अटकेने होतो आणि प्रेक्षकाला हायसे वाटते. त्या अटकेचे पुढे काय होते हे दाखवून मालिकेने स्वतःच्याच कथांवर प्रश्नचिन्ह लावले.

मालिकेच्या सर्वच भागांची पातळी अशी नव्हती. लेखकांचा कल अनेकदा भाषणबाजीकडे झुके. चोर आणि भटके अकस्मात तत्त्वज्ञासारखे बोलू लागत. मनोविश्लेषणाची त्या दशकातील हौस काही भागांना भोवली आहे. गुन्हेगाराविषयीची सहानुभूती कधीकधी इतकी सैल होते की बळी पडलेला माणूस विसरला जातो. ह्यापेक्षा गंभीर उणीव शहराच्याच चित्रात आहे. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते, आणि पोर्तो रीकोहून आलेल्यांच्या वस्त्या झपाट्याने वाढत होत्या. मालिकेतील ऐंशी लाखांमध्ये ही माणसे फार थोडी दिसतात. ‘अ हॉर्स हॅज अ बिग हेड – लेट हिम वरी!’ (घोड्याचे डोके मोठे, काळजी त्यालाच करू दे, १९६२) ह्या भागात डायान कॅरल ह्या कृष्णवर्णी अभिनेत्रीने अंध मुलांच्या शिक्षिकेची भूमिका केली व तिला एमी पारितोषिकासाठी नामांकन मिळाले. परंतु असे भाग अपवादच राहिले. पोलिसांच्या बाबतीतही मालिका भाबडी आहे. तिचे पोलीस थकतात, चुकतात, पण लाच घेत नाहीत. फ्रँक सर्पिको न्यूयॉर्क पोलीस दलात १९५९ मध्ये, म्हणजे मालिका चालू असतानाच्या काळात भरती झाला. त्याच्यासारख्यांनी उघडकीस आणलेल्या भ्रष्टाचाराची चौकशी नॅप आयोगाने १९७० नंतर केली, तेव्हा पडद्यावरच्या ठाण्यात काय दाखवले गेले नव्हते हे सर्वांना कळले.

तरीही चित्रपटाशी तुलना करता एक गोष्ट मान्य करावी लागते. १९४८ मध्ये जो प्रश्न कात्रीखाली गेला, तो मालिकेने दर आठवड्याला विचारला. ती हे करू शकली याचे एक कारण तिच्या रचनेत आहे. कायम नायक असलेल्या मालिकेत त्याची प्रतिष्ठा जपावी लागते. जगाची घडी प्रत्येक भागाच्या अखेरीस पूर्ववत बसवावी लागते. स्वतंत्र कथेतील माणसाला पुढच्या आठवड्यात परतावयाचे नसते. तो हरू शकतो, मरू शकतो, अन्यायाचा बळी ठरू शकतो. प्रायोजक व जाळ्याचे अधिकारी यांचा अंकुश असतानाही ह्या रचनेमुळे लेखकांना बराच मोकळेपणा लाभला. दुसरे कारण लेखकांच्या निवडीत आहे. बहिष्काराची बंधने त्या वेळी सैल होऊ लागली होती, पण सुटली नव्हती. १९६० मध्ये डॉल्टन ट्रंबोचे नाव एक्झोडस व स्पार्टाकस ह्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत झळकले. त्याच वर्षी फ्रँक सिनात्राने मॉल्ट्सला पटकथालेखनाचे काम दिल्याचे जाहीर केले आणि वृत्तपत्रांच्या व संघटनांच्या दडपणामुळे काही आठवड्यांतच माघार घेतली. म्हणजे मालिकेचा एक तासाचा अवतार सुरू होत असताना तिच्या मूळ चित्रपटाच्या पटकथाकाराला त्याच देशात उघडपणे काम मिळू शकत नव्हते. मात्र त्याच बहिष्कृतांपैकी आर्नल्ड मॅनॉफ हा लेखक जोएल कार्पेंटर ह्या टोपणनावाने नेकेड सिटीसाठी लिहीत होता. मॉल्ट्सची वाट बंद असली, तरी त्याच्या पिढीची दृष्टी मागल्या दाराने शहरात परतली होती.

मालिकेला छायाचित्रण व संकलन यांसाठी एमी पारितोषिके मिळाली. तिचा शेवटचा भाग मे १९६३ मध्ये प्रक्षेपित झाला. तत्पूर्वीच तिच्यातून एक नवी मालिका निघाली होती : १९५९ मधील ‘फोर स्वीट कॉर्नर्स’ ह्या भागाच्या आधारे लेनर्ड व सिलिफंट यांनी रूट सिक्स्टीसिक्स (१९६०–६४) तयार केली. तीत दोन तरुण मोटारीतून देशभर हिंडतात आणि प्रत्येक गावी एक नवी कथा त्यांना भेटते. हे एका अर्थी नेकेड सिटीचेच सूत्र होते. ठाण्याच्या जागी मोटार आली एवढेच. सिलिफंटला पुढे इन द हीट ऑफ द नाइट (१९६७) ह्या चित्रपटाच्या पटकथेबद्दल ऑस्कर मिळाले. दाक्षिणात्य गावातील गोऱ्या पोलीस प्रमुखाला कृष्णवर्णी तपास अधिकाऱ्याबरोबर काम करावे लागते, ही त्याची मध्यकल्पना पाहता, मालिकेतील उणीव तिच्या प्रमुख लेखकाच्या ध्यानात आली असावी असे वाटते.

चित्रपटावरून गुन्हेकथांची संग्रहमालिका करण्याचा प्रयोग त्यानंतर दीर्घ काळाने पूर्ण स्वरूपात झाला तो फार्गोच्या बाबतीत. जोएल व ईथन कोएन ह्या बंधूंच्या १९९६ मधील ह्या चित्रपटावरून आधी १९९७ मध्ये एक प्रायोगिक भाग तयार करण्यात आला होता. त्यात चित्रपटातील गरोदर पोलीस अधिकारी मार्ज हेच पात्र ठेवले होते (भूमिका ईडी फाल्को). त्यातून मालिका निघाली नाही. नोआ हॉली याने २०१४ मध्ये एफएक्स वाहिनीसाठी केलेल्या मालिकेत चित्रपटातील सर्व पात्रे सोडून दिली गेली. बर्फाळ प्रदेश, अतिनम्र बोली, क्षुल्लक लोभातून वाढत जाणारा हिंसाचार आणि ही सत्यकथा असल्याची आरंभीची खोटी ग्वाही एवढेच घेऊन प्रत्येक पर्वात वेगळा काळ व वेगळी माणसे मांडण्यात आली. २०२४ च्या आरंभापर्यंत तिची पाच पर्वे प्रक्षेपित झाली. नेकेड सिटीने दोन वर्षांत, नटांच्या जाण्यायेण्यामुळे व काहीशा योगायोगाने जे साधले, ते हॉलीने आरंभापासून ठरवून केले. फरक एवढाच, की फार्गोचे पर्व हे एकच दीर्घ कथा असते, तर जुन्या मालिकेत आठवड्यागणिक एक आयुष्य संपत असे.

न्यूयॉर्कच्या इतिहासकारांना ह्या मालिकेचा एक अनपेक्षित उपयोग झाला आहे. १९५८ ते १९६३ ही त्या शहरात मोठ्या प्रमाणावर पाडापाडी होण्याची वर्षे होती. लिंकन सेंटरसाठी पश्चिमेकडील जुन्या चाळींची वस्ती हटवण्यात आली. पेन्सिल्व्हेनिया स्थानकाची भव्य इमारत १९६३ च्या अखेरीस पाडण्यास घेण्यात आली. गोदी, कोळशाच्या वखारी, भाजीबाजार, गल्ल्यांवर पसरलेल्या कपड्यांच्या दोऱ्या हे सर्व मालिकेच्या चौकटीत मागल्या बाजूला, कोणी मुद्दाम न दाखवता, जतन झाले. मूळ चित्रपटाचा समावेश २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटनोंदणीत करण्यात आला. डॅसिन पुढच्या वर्षी अथेन्समध्ये निधन पावला. मॉल्ट्सचे नाव अमेरिकन चित्रपटाच्या श्रेयनामावलीत १९७० मध्ये परतले. मॅनॉफ त्यापूर्वीच, १९६५ मध्ये मरण पावला होता. त्याने लिहिलेले नेकेड सिटीचे भाग प्रक्षेपित झाले, तेव्हा पडद्यावर जोएल कार्पेंटर हे नाव होते.